नोराबाईंचं वॉटफर्डातलं पंचांग

लोक विचारतात, एवढी वर्षं इंग्लंडमध्ये होतास, पाहिलंस काय काय? मी सांगतो, नोराबाईंचं किचन. त्यांना वाटतं मी थट्टा करतोय. लंडन ट्रेनने अर्ध्या तासावर होतं हो, पण घराबाहेर पडायची सोयच नव्हती. आज अमक्या संताचा दिवस, आज हे करायचं नाही, उद्या ते केलंच पाहिजे. एक भानगड निस्तरेपर्यंत दुसरी दारात उभी. हे किस्से मी मुद्दाम जमवलेले नाहीत. सिंकमधल्या भांड्यांसारखे ते आपोआप साठत गेले.

तर आधी मंडळी ओळखून घ्या. मी केदार, पुण्याचा. माझ्या शेजारच्या खोलीत मंदार, नागपूरचा. दोघंही एकाच सॉफ्टवेअर कंपनीत, वर्क परमिटवर, दोघंही तिशीला टेकलेले, आणि दोघांच्याही आया फोनवर एकच प्रश्न विचारणाऱ्या. नोराबाई आमच्या लँडलेडी. तोंडावर नोरा, आपापसांत नोराबाई. सत्तरीच्या, विधवा, मूलबाळ नाही, माहेर आयर्लंडमधल्या क्लेअरकडचं. जन्मभर नर्सची नोकरी केलेली, त्यामुळे आवाजात अजून वॉर्ड होता.

चौथा मेंबर टॉम. टॉम आमच्या घरात राहायचा नाही, पण असायचा. विधुर, पूर्वी रस्त्याच्या कामांवर मुकादम होता, मूळचा आयर्लंडमधल्याच मेयोकडचा. दर रविवारी चार वाजता टोपी काढून आत यायचा, ठरलेल्या खुर्चीत बसायचा, दोन कप चहा प्यायचा आणि जायचा. हे म्हणे दहा-बारा वर्षं चाललेलं. त्याचं नोराबाईंवर मन आहे हे आम्हाला पहिल्याच रविवारी कळलं. नोराबाईंना तर कधीचंच कळलेलं होतं. टॉमने ते तोंडातून काढायचं तेवढं बाकी होतं, आणि त्याच्या तोंडातून एकच वाक्य निघायचं.

"आमच्याकडे असं करत नाहीत."

क्लेअर आणि मेयो नकाशावर वीतभर अंतरावर आहेत. तरी नोराबाईंनी कुठलाही सण काढला की टॉम हेच म्हणणार. माझ्या आत्याच्या सासरी अगदी हाच कार्यक्रम चालायचा, त्यामुळे मला पहिल्या दिवसापासून घरच्यासारखं वाटलं.

* * *

आम्ही राहायला आलो २००७च्या न्यू इयरला. बॅगा अजून उघडायच्या होत्या, तोवर सहा जानेवारी उजाडली आणि नोराबाईंनी आमच्या हातात एकेक एप्रन दिला. आज बायकांचा ख्रिसमस. आज घरातली सगळी कामं पुरुषांनी करायची आणि बायकांनी फक्त बसायचं. त्यांच्या चर्चमधल्या पाच मैत्रिणी दुपारी जेवायला येणार होत्या. टॉमलाही बोलावलं होतं. तो म्हणाला, आमच्याकडे असं करत नाहीत. नोराबाई म्हणाल्या, मग तुझ्याकडे जा. त्याने निमूट एप्रन बांधला.

आता प्रश्न असा, की मला मॅगीपलीकडे काही येत नाही आणि मंदारला एकच पदार्थ येतो, सावजी रस्सा. मी त्याला म्हटलं, अरे, म्हाताऱ्या बायका आहेत, तिखट कमी टाक. तो म्हणाला, "बाप्पा, कमी तिखट टाकलं तर त्याला सावजी काहून म्हणायचं?" आणि आईने बरोबर दिलेल्या मसाल्याची अख्खी पुडी त्याने पातेल्यात रिकामी केली.

पहिल्या घासाला सगळ्यांचे चमचे थांबले. दुसऱ्या घासाला पाचही जणींचे चष्मे धुरकटले. एकीने क्रॉसची खूण केली. मी ॲम्ब्युलन्सचा नंबर आठवायला लागलो. तेवढ्यात त्यांतली सर्वांत थोरली, काठी घेऊन आलेली बाई नाक पुसत म्हणाली, की ख्रिसमसपासून बसलेली सर्दी आत्ता सुटली, अजून थोडं वाढ. पुढच्या वर्षी बारा जणी आल्या.

भांडी टॉमकडे होती. तो घासायचा कमी, पाणी जास्त उडवायचा. नोराबाई खुर्चीतून उठल्या नाहीत, नियमच होता तसा, पण टॉमने पुसून ठेवलेली एकेक बशी त्या मागवून घ्यायच्या, खिडकीच्या उजेडात धरायच्या आणि विचारायच्या, "टॉम, धुतलीस ना नीट?" टॉम दर वेळी हो म्हणायचा आणि दर वेळी बशी परत सिंकमध्ये जायची. दर रविवारीही हेच चालायचं. पण टॉमने कपबशी धुवायचं कधी सोडलं नाही.

* * *

जानेवारी संपता संपता ब्रिजिड नावाच्या संतिणीचा सण येतो. आदल्या संध्याकाळी घराबाहेर एक फडकं टाकून ठेवायचं. रात्री ब्रिजिड तिथून जाते आणि फडक्याला आशीर्वाद देऊन जाते. मग वर्षभर कुणाचं डोकं दुखलं की ते फडकं कपाळाला बांधायचं. नोराबाईंनी एक पांढरं फडकं पुढच्या हेजवर, म्हणजे झुडपांच्या कुंपणावर, पसरलं. टॉमचं म्हणणं पडलं, की आमच्याकडे फडकं नाही, रिबन ठेवतात. त्यावर तासभर वाद झाला.

हे आम्हाला नंतर कळलं. मंदार सकाळी दूध आणायला बाहेर पडला, त्याला हेजवर फडकं पडलेलं दिसलं. संस्कारी मुलगा, दोरीवरून उडालं असेल म्हणून उचललं आणि आपल्या मोज्यांबरोबर वॉशिंग मशीनमध्ये टाकून दिलं. साठ डिग्रीवर.

नोराबाईंना कळलं तेव्हा मी जिन्यात लपलो होतो. पण त्या चिडल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, कशाबरोबर धुतलंस? मोज्यांबरोबर, मंदार म्हणाला. त्यांनी मान हलवली. त्यानंतर त्या वर्षभरात मंदारचं डोकं जेव्हा जेव्हा दुखलं, म्हणजे बहुतेक दर शनिवारी सकाळी, नोराबाईंनी त्याच्या कपाळाला त्याचाच मोजा बांधला. आशीर्वाद आता तिकडे गेलाय, याला त्यांचा इलाज नव्हता.

* * *

आयरिश लोकांचं निम्मं पंचांग डोकेदुखीवर चालतं असं माझं मत आहे. कारण गुड फ्रायडे.

चार दिवस सुट्टी म्हणून मी पेटीबंद वॉर्डरोब आणलं होतं, ते घरी आणून आपलं आपण जोडायचं असतं ते. शुक्रवारी सकाळी पहिला खिळा ठोकला आणि नोराबाई धावत वर आल्या. आजच्या दिवशी खिळा मारायचा नाही. का नाही, ते त्यांनी भिंतीवरच्या क्रूसाकडे बोट करून सांगितलं, आणि मला खरोखरच लाज वाटली. त्या हातोडा घेऊन गेल्या. मग मी बुटाने ठोकून पाहिलं. त्या बूट घेऊन गेल्या.

खाली गेलो तर त्या खुर्ची मांडून, कात्री घेऊन तयार. गुड फ्रायडेला केस कापले की वर्षभर डोकं दुखत नाही. मी म्हटलं, माझं एरवीही दुखत नाही. त्या म्हणाल्या, बस. सत्तरीची आयरिश बाई हातात कात्री घेऊन 'बस' म्हणाली की माणूस बसतो. केस कापण्याचा त्यांचा अनुभव म्हणजे ऑपरेशनच्या आधी पेशंटचे कापायच्या तेवढाच.

आता दुर्दैव बघा. त्याच रविवारी आईने मुलगी बघायचा कार्यक्रम ठरवलेला होता. वेबकॅमवर. तिकडे कोथरूडला मुलगी, तिचे आईवडील, काका, सगळे कॉम्प्युटरसमोर बसलेले, आणि इकडे मी. कॅमेरा लागला. काकांनी चष्मा काढून पुसला. मग अगदी काळजीने विचारलं, की तिकडे तब्येत वगैरे बरी असते ना?

पुढे काही कळवलं नाही त्यांनी. मंदार म्हणाला, "असू दे न बे, डोकं दुखणार नाही तुझं."

* * *

आता सुलूमावशी. माझ्या आईची चुलत बहीण, लंडनच्या कडेला पिनरला तीस वर्षं राहिलेली, आणि आमच्याकडच्या मराठी मंडळाची स्वयंघोषित मुकादम. मंडळाचा महाराष्ट्र दिन एरवी वीकेंडला असतो, पण त्या वर्षी हॉल मिळाला नेमका एक मेच्याच संध्याकाळी. ऐंशी माणसांचं श्रीखंड. मावशीच्या किचनमध्ये जागा नव्हती, म्हणून चक्का टांगला आमच्याकडे, नोराबाईंच्या मागच्या पोर्चमध्ये. नोराबाईंची काही हरकत नव्हती. दुधाचं काही टांगलंय म्हटल्यावर त्यांना उलट कौतुक वाटलं.

दुपारी मावशी जरीची साडी नेसून, गाडी घेऊन चक्का न्यायला आली. नोराबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. आज मे डे. आजच्या दिवशी घरातून दूध, लोणी, मीठ, निखारा, काही म्हणजे काही बाहेर द्यायचं नाही. दिलं तर घराचं नशीब त्याबरोबर निघून जातं. मावशीने सांगितलं की हे दूधही नाही आणि लोणीही नाही. नोराबाईंनी विचारलं, कशापासून करतात? मावशीला खोटं बोलता येईना. तिने माझ्याकडे पाहिलं. मी टॉमकडे पाहिलं, तो त्या दिवशी गवत कापायला आला होता.

"आमच्याकडे," टॉम म्हणाला, "ताकसुद्धा देत नाहीत."

आयुष्यात एकदाच त्याने नोराबाईंची बाजू घेतली, ती अशा वेळी. मावशी मला मराठीत म्हणाली, की या बाईला सांग, तिकडे संध्याकाळी ऐंशी लोक पुऱ्या घेऊन बसतील. मी सांगितलं. नोराबाई आत गेल्या, आणि कोट घालून, पर्स घेऊन बाहेर आल्या. तोडगा असा, की नशीब जिकडे जाईल तिकडे त्याही जाणार.

तर त्या दिवशी हॉलमध्ये श्रीखंडाच्या पातेल्याशेजारी खुर्ची टाकून नोराबाई बसल्या, आणि त्यांच्या शेजारी टॉम. पातेलं हलवलं की त्या हलायच्या. ढोलताशे झाले, पोवाडा झाला, या बाई कोण याचा कुणाला काही पत्ता नाही, पण खुर्ची पहिल्या रांगेत आलेली पाहून अध्यक्षांना वाटलं याच पाहुण्या. त्यांनी शाल, श्रीफळ दिलं. नोराबाईंनी ते गंभीरपणे स्वीकारलं, सगळे जेवल्यावर रिकामं पातेलं मांडीवर घेतलं आणि घरी आल्या. टॉमने श्रीखंड चार वेळा घेतलं. परत येताना मावशीच्या गाडीत तो एवढंच म्हणाला, की बायकोला जाऊन पंधरा वर्षं झाली, त्यानंतर एवढा चांगला दिवस गेला नव्हता. नोराबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मागच्या सीटवर मी आणि मंदार श्वास रोखून बसलो, की आता विचारतोय, आता विचारतोय. त्याने विचारलं, की श्रीखंड उरलंय का.

* * *

त्या दिवसापासून आम्ही ठरवलं, की या म्हाताऱ्याला ढकलल्याशिवाय तो हलायचा नाही. संधी मिळाली हॅलोवीनला.

आपल्याला वाटतं हॅलोवीन म्हणजे भोपळे आणि भुतं. नोराबाईंकडे मुख्य म्हणजे ब्रॅक. ब्रॅक म्हणजे मनुका घातलेला गोड पाव. भाजण्याआधी त्यात वस्तू दडवतात. ज्याच्या तुकड्यात चिंधी येईल तो गरिबीत राहणार, काडी आली तर संसारात भांडणं, आणि अंगठी आली तर वर्षाच्या आत लग्न. नोराबाईंची अंगठी त्यांच्या आईच्या वेळची. साधी पितळेची, बारीक. दर वर्षी ती ब्रॅकमध्ये जायची, निघाली की धुऊन परत कपाटातल्या कपात. त्यांच्या घरातली तीच एक वस्तू आम्हाला हात लावू द्यायच्या नाहीत.

अंगठी कुठे घातली ते मंदारने बघून ठेवलं आणि ओव्हनमध्ये जाण्याआधी वर बरोब्बर त्या जागी एक बदाम खोचला. संध्याकाळी बदामाचा तुकडा भरपूर लोणी लावून टॉमच्या बशीत. मंदार कॅमेरा घेऊन तयार. टॉमने घास घेतला. कट्‌ असा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. त्याचा जबडा थांबला. त्याने नोराबाईंकडे पाहिलं. नोराबाईंनी चहाच्या किटलीकडे पाहिलं, आणि मी शपथेवर सांगतो, त्या लाजल्या.

टॉम कानापर्यंत लाल झाला. मग त्याने कप उचलला, मोठा घोट घेतला आणि गिळलं.

मंदारला चिंधी आली, मला काडी आली. अंगठी कुठेच नाही. नोराबाईंनी उरलेला ब्रॅक टेबलावर कुस्करला, पार भुगा केला. टॉम ते बघत बसला होता. शेवटी त्यांनी विचारलं, टॉम, अंगठी? तो म्हणाला, कुठली अंगठी? आणि त्याला उचकी लागली. पाच मिनिटांनी तो छाती चोळायला लागला, आणि आम्ही चौघं टॅक्सी करून हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत.

डॉक्टर आपल्याकडचाच निघाला, कोचीचा. त्याने एक्स-रे दिव्यावर लावला. बरगड्यांच्या खाली, मधोमध, ऐटीत बसलेली अंगठी. तो एकदा टॉमकडे, एकदा नोराबाईंकडे बघून म्हणाला, "एंगेजमेंट?"

"अजून नाही," नोराबाई म्हणाल्या.

डॉक्टरने सांगितलं घाबरायचं काही नाही, निसर्गनियमाने बाहेर येईल, रोज लक्ष ठेवा. पुढच्या रविवारी चहा ओतताना नोराबाईंनी विचारलं, आली का? टॉम म्हणाला, नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. ख्रिसमसपर्यंत त्यांनी विचारायचं सोडून दिलं. आईची वस्तू गेली याचं दुःख होतंच, पण एखाद्याने अंगठी दाखवण्यापेक्षा गिळणं पसंत करावं, हे बाईमाणसाला लागणारच ना. टॉमसमोर त्या काही बोलल्या नाहीत. आम्ही दोघांनी मात्र त्याला अंगठी हा शब्द काढून महिनाभर पिडलं.

* * *

एक छोटासा किस्सा, अकरा नोव्हेंबरचा. सेंट मार्टिनचा दिवस. त्या दिवशी चाक फिरवायचं नाही, कुठलंच. म्हणजे गाडी नाही, बस नाही. त्या वर्षी नेमका रविवार, आणि बाहेर धो धो पाऊस. टॉम राहायचा वॉटफर्डच्या पार दुसऱ्या टोकाला, बसने यायचा. नोराबाईंनी त्याला फोनही केला नाही, अंगठीचा राग होता. आम्ही म्हटलं, आज काही येत नाही.

चार वाजता बेल वाजली. दारात टॉम, टोपीतून पाणी गळतंय, बुटांत तळं साचलेलं. तो चालत आला होता. नोराबाईंनी त्याला टॉवेल दिला आणि विचारलं, की तुमच्याकडे सेंट मार्टिन पाळतात वाटतं?

"नाही," टॉम म्हणाला, आणि आपल्या खुर्चीत बसला.

* * *

मग २००८. आयरिश पद्धतीने लग्नं व्हायची ती लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या, उपासांआधी. त्यानंतर थेट ईस्टरपर्यंत बंद. म्हणून लेंटच्या पहिल्या रविवारी जे बिनलग्नाचे उरलेत, त्यांच्या कोटावर पाठीमागे गुपचूप खडूने फुली मारतात. सगळ्या गावाला दिसावं, की हा अजून शिल्लक आहे.

हे आम्हाला माहीत नव्हतं. त्या सकाळी आम्ही मावशीकडे पिनरला तिळगुळाला गेलो, तिच्या हळदीकुंकवाला शेजारच्या हॅरोतलं झाडून सगळं मराठी लोटलेलं. लोक आमच्या पाठीमागे हसतायत असं मला सारखं वाटत होतं. शेवटी मावशीची नात, तिथेच जन्मलेली, मला म्हणाली, "केदारमामा, तुझी कोटवर खडू लागली आहे. मोठी एक्स." मंदारची पाठ पाहिली तर त्याच्याही. घरी फोन करून विचारलं तर नोराबाईंनी खडू आपणच मारल्याचं शांतपणे कबूल केलं. मावशीला ही पद्धत इतकी आवडली, की मंडळात सुरू करू या म्हणाली.

परत आलो तर टॉम चहा पीत बसला होता आणि त्याचा कोट पॅसेजमध्ये. मंदारने माझ्याकडे पाहिलं. आम्ही ही एवढी मोठी फुली मारली, खांद्यापासून खांद्यापर्यंत. तो तसाच बसमधून घरी गेला.

पुढच्या रविवारी टॉम आला तेव्हा फुली कोटावर तशीच होती. झटकलीसुद्धा नव्हती. चहा झाल्यावर त्याने सांगितलं, की तिकडे गॉलवेला दिलेली त्याची मुलगी, घरी राहायला या म्हणून मागे लागली आहे, ईस्टरनंतर तो कायमचा आयर्लंडला जातोय. खोली सोडतो असं सांगूनही टाकलंय. नोराबाईंनी विचारलं, तुला जायचंय का? टॉमने टोपी हातात फिरवली. म्हणाला, मुलगी चांगली आहे. हे काही उत्तर झालं का? आम्हाला इतका राग आला त्याचा.

* * *

तो गेल्यावर नोराबाईंनी आम्हाला एक गोष्ट सांगितली. ब्रिजिड म्हणे एकदा सेंट पॅट्रिककडे, म्हणजे आयर्लंडच्या सगळ्यांत मोठ्या संताकडे, भांडायला गेली, की पुरुष विचारतच नाहीत, बायकांनी किती वाट बघायची? तेव्हा पॅट्रिकने लीप इयर दिलं. एकोणतीस फेब्रुवारीला बाईने विचारायचं. आणि पुरुष नाही म्हणाला, तर त्याने तिला दंड म्हणून सिल्कचा ड्रेस द्यायचा. गोष्ट संपवून त्या भांडी घासायला गेल्या. आम्ही कॅलेंडर पाहिलं.

एकोणतीसला शुक्रवार होता, लेंटमधला, मटण-चिकन वर्ज्य, म्हणून जेवायला मासे. टॉमला बोलावलं होतं. आम्हालाही बसवून घेतलं, साक्षीदार लागतात म्हणून. नोराबाईंनी चांगला कार्डिगन घातला होता. समोरचा काटाचमचा त्यांनी तीनदा सरळ करून ठेवला.

"टॉम," त्या म्हणाल्या, "माझ्याशी लग्न करशील का?"

टॉमने माशाचा काटा काढून ताटलीच्या कडेला ठेवला.

"आमच्याकडे असं करत नाहीत," तो म्हणाला. टोपी घातली आणि गेला.

नोराबाईंनी त्याची ताटली उचलली, धुतली, पुसली, जागेवर ठेवली आणि झोपायला गेल्या. साडेसात वाजले होते. मंदारने एवढ्या वर्षांत मी ऐकल्या नव्हत्या अशा नागपुरी शिव्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॉमचा फोन. मला विचारतो, तुमच्या बायका ते सिल्क नेसतात, ते कुठे मिळतं? माझं डोकंच फिरलं. दहा-बारा वर्षं बाईचा चहा ढोसलास, तिची अंगठी गिळलीस, आणि आता दंड भरून मोकळा होतोस? एवढं सगळं मी मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं, विचारून सांगतो. मावशीला फोन केला तर ती म्हणाली, घेऊन ये त्या मेल्याला, मी बघते.

वेम्बलीला साड्यांच्या दुकानात गादीवर टॉम, बूट काढून, मांडी घालता येत नाही म्हणून पाय पुढे पसरून. मावशी त्याच्या तोंडावर गोड हसून मला मराठीत सांगत होती, की नकारच द्यायचा असेल तर निदान जरीकाठी दे म्हणावं, थोबाडावर मारल्यासारखा. दुकानदाराने वीसेक साड्या उलगडल्या. टॉमने एका हिरव्यागार कांजीवरमवर बोट ठेवलं. मावशीने त्याला इंग्लिशमध्ये नीट समजावलं, की हिरवा नको, आमच्याकडे हिरवा नवरीला नेसवतात. त्याने लक्ष देऊन ऐकलं, मान हलवली आणि परत त्याच साडीवर बोट ठेवलं. मावशी म्हणाली, वरून बहिराही आहे.

रविवारी चार वाजता बेल वाजली. नोराबाईंनी दार उघडलं आणि कप दोन काढले. मी आणि मंदार जाणार होतो, त्यांनी खुणेने बसवलं. टॉमने पुडकं टेबलावर ठेवलं. त्यांनी सुतळी सोडली, कागद उघडला, आणि हिरवं सिल्क किटलीपर्यंत पसरलं. त्यांना कळलं हे काय आहे. त्यांनी त्यावरून एकदा हात फिरवला, घडी घालायला घेतली आणि थँक यू म्हणाल्या. तो आवाज मला अजून आठवतो. मला वाटलं उठून टॉमची टोपी बाहेर फेकावी.

"थांब," टॉम म्हणाला. "तू विचारलंस, मी नाही म्हटलं, ड्रेस दिला. ते झालं. आमच्याकडे पुरुष विचारतो."

त्याने कोटाच्या आतल्या खिशातून एक काड्यापेटी काढली आणि टेबलावर त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी ती उघडली. आत कापसावर बारीक पितळेची अंगठी, घासून घासून लख्ख केलेली.

मंदारच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी स्वतः पाहिलं. नोराबाईंनी अंगठी दोन बोटांत उचलली, खिडकीच्या उजेडात धरली, फिरवून फिरवून पाहिली. मग टॉमकडे पाहिलं.

"टॉम," त्या म्हणाल्या, "धुतलीस ना नीट?"